हिस्सा

सुट्टीवरून परत आले तेव्हा
मुहर्रकमध्ये ऑगस्ट, चष्म्यावर वाफ,
आणि नोंदवहीत एकसष्ट दिवस
माझ्याशिवायचे.

नाकाटोचं अक्षर गोल, शाळकरी.
नाश्ता अर्धा. औषध घेतलं.
शेजारणीशी भांडण, उशीवरून.
आंघोळीला नकार.
दुपारी दारात बसून एक आवाज काढते, उद्या, उद्या,
अर्थ माहीत नाही.
खाली डॉक्टरांची सही:
निरर्थक उच्चार, लक्ष ठेवा.

तिचं नाव हिस्सा.
पहिल्या दिवशी दचकलेच होते.
आमच्याकडे हिस्सा म्हटलं की
बांध, तलाठी, आणि एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ.
इथे मुलीचं ठेवतात. अर्थ तोच, वाटा.
वय त्रेचाळीस. आई गेली तेव्हा अडतीस.
तीन दिवस लोक येऊन गेले, चौथ्या दिवशी
भाऊ सोडून गेला इथे: एक बॅग, एक मऊ ब्लँकेट,
आणि तिला काय काय आवडत नाही त्याची यादी.
अजून येतो शुक्रवारी. गाडी खाली चालूच ठेवतो.
वाईट नाही माणूस.
तिची नखं स्वतः कापतो, मान खाली घालून,
जशी काही त्याच्याच हाताला वाढलीत.

घर क्रमांक चारमध्ये आम्ही सहा जणी राहतो.
राहतात म्हणायला हवं,
मी फक्त बारा तास असते.
प्रत्येकीचा कप वेगळा, दाराचा रंग वेगळा,
कारण अक्षरं येत नाहीत, पण पिवळा येतो.
भात शिजला का, हे हिस्सा
शीत चिरडून सांगते. चुकत नाही.

मराठी मी तिला शिकवली नाही.
मशीन लावताना, चादरी ओढताना
आपली पुटपुटत असते मी,
आणि तिने त्यातलं वेचून घेतलं:
पुरे. गार. सरक. अगं. केळं.

केळं नीट म्हणते. त्यातला तो ळ.
माझ्या बिल्ल्यावरसुद्धा मंगला आहे,
अरबीत ळ नाही, मॅनेजरला तो ऐकूही येत नाही.
तिची जीभ जाड, तोंडात मावत नाही,
बाकीचे शब्द दाराशीच अडखळतात,
पण ळ तिथे आरामात लोळतो.
या घरात तो आम्हा दोघींनाच येतो.

आणि संध्याकाळी सातला, पाळी संपताना
पिवळ्या दारात उभी राहून मी म्हणायचे,
उद्या.
पाच वर्षं. रोज.
तिला वाटलं, ते माझं नाव.

पेन उचललं मी. पण शेऱ्याचा रकाना इंचभर,
आणि माझं इंग्रजी औषधांपुरतं.
शेवटी नाकाटोला स्वयंपाकघरात गाठून म्हटलं,
उद्या म्हणजे टुमारो.
म्हणजे उद्या काय आहे, ते विचारत होती?
हो म्हणून टाकावंसं वाटलं.
नाही, म्हटलं. मला.
नाकाटो हसली, मग थांबली.
कांद्याचं टरफल तिच्या हातातच राहिलं.

माझा करार मार्चमध्ये संपतो.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही,
वहीत त्यासाठी रकाना नाही.

आतून हिस्सा ओरडली, सरक!
कुणाला कोण जाणे. बहुतेक वॉशिंग मशिनला.
नाकाटोने ओले हात ॲप्रनला पुसले,
मागच्या बिलाचा कोरा भाग पुढे केला,
सगळे शब्द लिहून दे, म्हणाली, अर्थासकट.
पुरे लिहिलं. गार लिहिलं.
केळ्यापाशी अडले.
एल काढला, खोडला, त्याखाली एक टिंब दिलं,
तेही बरोबर दिसेना.
हा तिलाच विचार, म्हटलं.
ती शिकवेल.